गाईचा पान्हा
(आकाशवाणीवरील भाषण)



आपल्या मराठींत एक मोठा मासलेवाईक वाक्प्रचार आहे. धार काढावयास बसलेल्या माणसाला गाईनें हवें तितकें दूध दिलें नाहीं, म्हणजे आपण म्हणतों, 'गाईनें पान्हा चोरला.' या शब्दांचा नीट विचार केला तर हंसूं आल्यावांचून राहात नाहीं. दूध गाईचें, तिनें तें निर्माण केलें आपल्या वासरासाठीं, भांडें घेऊन तें न्यावयास आलों आपण, आणि चोर मात्र ठरली ती! तथापि या उलट्या न्यायाच्या पोटीं एक फार जुनें निरीक्षण दडलेलें आहे. विहिरींत पोहरा सोडून पाणी उपसावें तसें कासेंतलें दूध उपसतां येत नाहीं. गाईनें तें सोडावें लागतें. ती सोडीना, तर कसलेला गवळीहि हात चोळीत बसतो. माणसानें गाय पाळल्याला हजारों वर्षें लोटलीं, आणि या सर्व काळांत ही एक अडचण त्याला रोज दोन वेळां भेटत आली आहे. तिच्यावर त्यानें कोठें मायेनें तोड काढली, कोठें कपटानें आणि कोठें बळजबरीनें, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आज माझा विचार आहे.

शहरांतील पुष्कळ घरांत आतां दूध पिशवींतून येतें. तेव्हां धार कशी काढतात हें प्रथम सांगितलेलें बरें. माझें बालपण सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें. १९६७-६८ च्या सुमारास आमच्या घरीं चंद्री नांवाची गाय होती आणि तिची धार माझी आजी काढी. पहाटे उठून ती गोठ्यांतलें शेण उचली, गाईपुढें कडबा टाकी, भिजविलेल्या सरकीच्या पेंडीचें आंबोण ठेवी आणि कोमट पाण्याचा हबका मारून कास धुवी. मग मीं वासरूं सोडावयाचें. तें धांवत येऊन कासेला भिडे आणि ढुशा देऊं लागे. मिनिटा-दोन मिनिटांत चंद्रीची मान वळे, ती वासराची पाठ चाटूं लागे, आणि तोंवर सैल दिसणारे सड भरून टरारत. 'पान्हावली ग बाई!' असें आजी म्हणे. लगेच वासराला ओढून गाईच्या तोंडापाशीं बांधावयाचें, आजीनें पितळेची चरवी गुडघ्यांत धरावयाची, आणि धार सुरू व्हावयाची. पहिल्या धारांचा रिकाम्या चरवींत होणारा टणटणीत आवाज आणि भांडें भरत जाईल तसतसा त्याचा होणारा मऊपणा मला आजहि आठवतो. त्या वेळीं आजी चंद्रीशीं सारखी बोलत असे. पावसापाण्याचें, सुनांचें, गुडघेदुखीचें! मध्येंच कुत्रें भुंकलें, किंवा आजीच्या जागीं दुसरें कोणी बसलें, कीं चंद्रीचा पान्हा आटलाच. चार सडांपैकीं तीन आपले आणि चौथा वासराचा, असा आमच्या घरचा नियम होता. त्या चौथ्या सडाची हकीकत मी पुढें सांगणार आहें.

आतां इतिहासाकडे वळूं. रानटी गुरें माणसाळविण्याचा उद्योग सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत, युफ्रेटिस व तैग्रिस या नद्यांच्या वरच्या अंगाच्या प्रदेशांत सुरू झाला. आपली वशिंडाची गाय निराळ्या कुळांतली. तिच्या पाळण्याचे प्राचीन अवशेष बलुचिस्तानांतील मेहेरगढ येथें सांपडले असून ते सुमारें आठ हजार वर्षांपूर्वींचे आहेत. गुरें पाळलीं तीं मांसासाठीं कीं दुधासाठीं, हें नुसत्या हाडांवरून ओळखणें कठीण. परंतु मातीच्या भांड्यांत मुरलेल्या स्निग्धांशाची परीक्षा करण्याची युक्ति शास्त्रज्ञांना साधली आहे. अशा परीक्षेवरून आजच्या तुर्कस्थानच्या वायव्य भागांत इ. स. पूर्व सातव्या सहस्रकांत लोक दूध वापरीत होते, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें.

दूध वापरलें म्हणजे धार काढलीच. पण ती कशी? याचें उत्तर इराकांत मिळतें. उर नगराजवळ तेल अल्-उबैद येथें एका देवीचें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें देऊळ उकरून निघालें. त्याच्या भिंतीवरील पट्टींत दुधाचा सगळा कारभार कोरलेला आहे. गवळी गाईच्या मागच्या बाजूला बसून धार काढीत आहेत, पलीकडे कोणी दूध गाळीत आहे, कोणी मोठा रांजण हलवून लोणी काढीत आहे. या चित्रांत आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं गाईच्या तोंडासमोर तिचें वासरूं उभें आहे. चंद्रीच्या गोठ्यांतला जो देखावा मीं पाहिला, तोच साडेचार हजार वर्षांपूर्वीं सुमेरी कारागिरानें पाहिला होता!

याहूनहि हृदयाला भिडणारें एक चित्र मिसर देशांतलें आहे. दुसरा मेंतुहोतेप या राजाची कावित नांवाची एक राणी होती. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची तिची दगडी शवपेटी कैरोच्या संग्रहालयांत आहे. तिच्या एका बाजूस एक माणूस गाईची धार काढीत आहे. वासरूं गाईच्या पुढच्या पायाला बांधलेलें आहे, आणि गाईच्या डोळ्यांतून एक अश्रु ओघळत आहे. राणीला परलोकीं दूध मिळावें एवढाच त्या कोरीव कामाचा हेतु. तेथें अश्रूचें कांहींच प्रयोजन नव्हतें. तरी कारागिरानें तो कोरला. दुधाचें भांडें भरतें तेव्हां कोणाचा तरी वांटा कमी होतो, ही जाणीव माणसाला किती पूर्वीं झाली होती, याची ती साक्ष आहे.

आपल्या पूर्वजांनीं ही जाणीव दगडांत कोरण्याऐवजीं भाषेंत सांठवून ठेवली. संस्कृतांत वासराला 'वत्स' म्हणतात. वासरावर जीव टाकणारी ती 'वत्सल', आणि तिचा भाव तें 'वात्सल्य'. आईच्या मायेसाठीं आपल्याजवळ जो सर्वांत थोर शब्द आहे, तो असा गोठ्यांतून आलेला आहे. 'पान्हा' हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' यावरून आला, आणि तो आपण गाईला व बाळंतिणीला सारखाच लावतों. दिवसाचे जे प्राचीन विभाग आहेत, त्यांत प्रातःकाळानंतरच्या वेळेला 'संगव' असें नांव आहे. गाई दोहनासाठीं एकत्र करण्याची ती वेळ. ज्या काळीं घड्याळ नव्हतें, त्या काळीं कास हेंच घड्याळ होतें. निरुक्तकार यास्कानें 'दुहिता' म्हणजे कन्या या शब्दाच्या ज्या कांहीं व्युत्पत्ति दिल्या आहेत, त्यांत 'दुह्' म्हणजे दोहन करणें या धातूवरून दिलेलीहि एक आहे. भाषाशास्त्रज्ञ ती मान्य करोत वा न करोत. कन्या म्हटल्यावर त्या प्राचीन पंडिताच्या डोळ्यांपुढें धार उभी राहिली, ही गोष्ट कांहीं लहान नाहीं.

पण भावना निराळी आणि व्यवहार निराळा. व्यवहार पाहावयाचा तर कौटिल्याचें अर्थशास्त्र उघडावें. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं हा लुप्तप्राय ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हां विद्वानांचें लक्ष राजनीति, हेर, किल्ले व कर यांवर खिळलें. त्यांतच गोऽध्यक्ष, म्हणजे राजाच्या गुरांवरील अधिकारी, याचें एक प्रकरण आहे. वर्षा, शरद व हेमंत या ऋतूंत दोन वेळां धार काढावी. शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत चारा कमी, म्हणून एकदांच काढावी. या दिवसांत जो दुसऱ्यांदा धार काढील त्याचा आंगठा तोडावा! शिक्षा कठोर खरी; पण धार आंगठ्यानेंच निघते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचा रोख कळतो.

याच प्रकरणाच्या आरंभीं एक साधा नियम आहे. शंभर-शंभर गाईंमागें जे गोपाळ, दोहक, मंथन करणारे वगैरे नोकर ठेवावयाचे, त्यांना वेतन रोख द्यावें. कारण दूधतूप हेंच वेतन म्हणून दिलें तर ते वासरांना उपाशी मारतील. माणसाच्या स्वभावाची ही पारख पाहून मी थक्क झालों. धार काढणाऱ्याचा लाभ दुधाच्या मापावर अवलंबून ठेवला, कीं वासराचा घांस गेलाच! हें मीं शिक्षक झाल्यावर वाचलें. पण त्याचा अर्थ मला दहाव्या वर्षींच कळला होता. तो कसा, तें सांगतों.

त्या वर्षीं आजीला ताप आला आणि आठवडाभर धार काढण्याचें काम मजकडे आलें. चंद्री मला ओळखत होती. तिनें पान्हा चोरला नाहीं. शाळेची सहल निघणार होती व तिचे पैसे घरांत मागण्याची मला छाती नव्हती. कोपऱ्यावरच्या चहावाल्यास जादा दूध हवें होतें. मीं चौथा सड पिळावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीं हात कचरला. दुसऱ्या दिवशीं कचरला नाहीं. सातव्या दिवशीं आजी भिंत धरून गोठ्यांत आली. वासरूं उठून उभें राहीना. तिनें त्याच्या पाठीवरून हात फिरविला, बरगड्या चांचपल्या, आणि माझ्याकडे नुसतें पाहिलें. त्यानंतर आठ दिवस घरांत चरवी आलीच नाहीं. वासरूं आपण होऊन तोंड बाजूला करीपर्यंत पिऊं दिलें जाई, आणि घरांतलीं सारीं माणसें बिनदुधाचा चहा घेत. मला कोणी एक शब्द बोललें नाहीं. सहलीला मी गेलों नाहीं. चहावाल्याचे पैसे आजीपुढें ठेवले, ते तिनें पेंडीला घातले. वासरूं वांचलें. परंतु पुढें त्याचा बैल झाला तो जोडींत चालण्याजोगा कधींच झाला नाहीं, आणि माझ्या वडिलांना दुसरा बैल विकत घ्यावा लागला. तो खुजा बैल आमच्या दारांत बरींच वर्षें होता. येतां-जातां माझी नजर त्याच्याकडे जाई.

एका पोराच्या सात दिवसांच्या लोभाचा हा परिणाम. मग ज्यांचा सगळा धंदाच दुधाच्या मापावर चालतो त्यांची कथा काय? वासरूं मेलें, किंवा मरूं दिलें, कीं पान्हा बंद. आणि तेथूनच कपटाचा इतिहास सुरू होतो. मेलेल्या वासराचें कातडें सोलून, त्यांत पेंढा भरून, तें गाईपुढें उभें करण्याची चाल आपल्या देशांत होती. सुदानांतील नुएर या गोपालक जमातींतहि ती आहे, असें इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञानें १९४० सालच्या ग्रंथांत वर्णिलें आहे. गाय त्या कातड्याला चाटते आणि पान्हा सोडते. खोट्या वासरावर खरी माया करणाऱ्या त्या मुक्या जनावराला फसलेलें म्हणावें, कीं फसविणाऱ्यालाच कांहीं म्हणावें, हें श्रोत्यांनीं ठरवावें.

कपटानंतर बळजबरी. इ. स. पूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, कीं शक लोक घोडीचें दूध काढतांना हाडाची नळी तिच्या गुह्यांगांत घालून फुंकतात, म्हणजे दूध उतरतें. हाच प्रकार आपल्याकडे गाईम्हशींवर 'फुंका' या नांवानें होत असे, आणि शहरांतील गोठ्यांत तो विशेष बोकाळला. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध वर्ज्य केलें. गाईम्हशींचे असे हाल वाचून त्यांच्या मनांत दुधाविषयीं किळस उत्पन्न झाली होती. पुढें १९१८ सालीं ते अत्यवस्थ झाले. वैद्य दुधाचा आग्रह धरूं लागले, तेव्हां कस्तुरबांनीं शेळीच्या दुधाची वाट सुचविली, आणि त्यांनीं ती स्वीकारली. व्रताचा शब्द राहिला पण आत्मा गेला, ही टोंचणी त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितली आहे. पुढें १९६० सालच्या प्राणि-क्लेश-प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमानें फुंका हा गुन्हा ठरला, आणि दूध वाढविण्यासाठीं जनावराला अपायकारक पदार्थ टोंचणें हेंहि त्याच कलमांत घातलें गेलें.

तें टोंचणें कशाचें, हें समजण्यास थोडें शास्त्र पाहिलें पाहिजे. मेंदूच्या तळाशीं एक लहानशी ग्रंथि आहे. तिच्या अर्कानें गर्भाशयाचें आकुंचन होतें, हें १९०६ सालीं हेन्री डेल यांनीं दाखविलें. त्याच अर्कानें दूधहि उतरतें, हें १९१० सालीं ऑट व स्कॉट यांनीं दाखविलें. मग १९४१ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें ईली व पीटरसन यांनीं एक मार्मिक प्रयोग केला. त्यांनीं गाईच्या अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या. तरी दोन्ही अर्ध्यांत पान्हा एकदमच आला. अर्थात् पान्ह्याचा निरोप नसांतून न येतां रक्तांतून येतो. मग त्यांनीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवलें आणि कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. पान्हा थांबला! भय उत्पन्न झालें कीं दुसराच एक रस रक्तांत मिसळून पहिल्याचें काम बंद पाडतो. कुत्रें भुंकलें कीं चंद्रीचा पान्हा कां आटे, याचें उत्तर मला असें उतारवयांत मिळालें. गाय पान्हा चोरीत नाहीं, श्रोतेहो. तिच्या जिवांत भय असलें म्हणजे तिची इच्छा असूनहि दूध उतरत नाहीं.

या रसाला ऑक्सिटोसिन म्हणतात. १९५३ सालीं द्यू व्हिनो यांनीं तो प्रयोगशाळेंत तयार केला, आणि १९५५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या मातांचे प्राण त्यानें वांचविले. पण त्याचीच सुई कित्येक गोठ्यांत वासराच्या जागीं आली. हा दुरुपयोग थांबविण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१८ सालीं खाजगी कारखान्यांना तें औषध करण्याची बंदी केली. परंतु बाळंतिणींना औषध दुर्मिळ होईल, म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती बंदी रद्द ठरविली. गाईची आई म्हणून बाजू आणि स्त्रीची आई म्हणून बाजू एकाच कुपींत सांपडावी, असा हा विलक्षण पेंच आहे.

आतां कोणी म्हणेल, सारा दोष यंत्रयुगाचा. मला तसें वाटत नाहीं. १८८९ सालीं स्कॉटलंडांत मर्चलंड यानें हवेच्या ओढीनें धार काढणारें यंत्र केलें. त्याची ओढ अखंड असे. त्यामुळें सडांत रक्त सांकळे व गाईस पीडा होई. १८९५ सालीं त्याच देशांत शील्ड्स यानें ओढ क्षणभर लागावी व क्षणभर थांबावी अशी योजना केली. म्हणजे वासरूं जसें चोखतें, अगदीं तसें! यंत्रालाहि अखेर वासराची शिकवणी धरावी लागली. १९९२ सालीं हॉलंडांत माणसावांचून धार काढणारें यंत्र गोठ्यांत बसलें. त्याकडे गाय आपल्या इच्छेनें, आपल्या वेळीं चालत जाते. युरोपांतील गाई पिढ्यान् पिढ्या निवडून अशा तयार केल्या आहेत, कीं वासरूं नसतांहि त्या पान्हा सोडतात. म्हणून तेथें वासरूं जन्मतांच बहुधा दूर केलें जातें. ही सोय कोणाची, हा प्रश्न तेथील लोकहि आतां विचारूं लागले आहेत.

आपल्याकडे शहरांतल्या तबेल्यांत जागा कोंदट, चारा महाग, आणि वासराच्या पोटांत जाणारा प्रत्येक घोट मालकाच्या गल्ल्यांतून गेलेला. तेथें वासरूं टिकावें कसें? यावर दोन थोर उपाय झाले. मुंबईच्या वस्तींतलीं जनावरें, मुख्यतः म्हशी, बाहेर मोकळ्यावर न्यावीं म्हणून दारा खुरोडी यांच्या खटपटीनें आरे येथें वसाहत उभी राहिली आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. दुसरा उपाय गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं १९४६ सालीं स्थापिलेल्या सहकारी संघाचा. गाईम्हशी शहरांत आणण्याऐवजीं दूधच शहरांत आणावें, ही त्याची रीत. १९७० पासून दुग्धमहापूर योजनेनें ती देशभर पसरली. गाय आपल्या खुंट्याला, आपल्या माणसांत राहिली, म्हणजे वासराला निदान जगण्याची संधि असते. संधि असते, एवढेंच मी म्हणतों; कारण खेड्यांतहि चौथा सड पिळणारे हात असतात, हें मी कसा विसरूं?

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. २००९ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनीं ५१६ गोपालकांना विचारून असें प्रसिद्ध केलें, कीं जेथें गाईला नांवानें हांक मारतात तेथें एक गाय वर्षाकांठीं सरासरीनें २५८ लिटर दूध अधिक देते. या संशोधनास त्या वर्षीं एक विनोदी पारितोषिकहि मिळालें, आणि जग हंसलें. मी मात्र हंसलों नाहीं. नांवांत जादू नाहीं हें खरें. परंतु जो नांव ठेवतो तो जनावर ओळखतो, जो ओळखतो तो हळू हातानें वागतो, आणि जेथें हळू हात आहे तेथें भय नाहीं. चंद्रीशीं सुनांच्या कागाळ्या करणाऱ्या माझ्या आजीला हें कोणीं शिकविलें नव्हतें.

आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या संध्याकाळीं, आजी सवत्स गाईची पूजा करी. त्या दिवशीं ती दुधातुपाला शिवत नसे. 'आज चारी सड त्याचे,' असें ती म्हणे. बाकीच्या दिवशीं एक त्याचा, तीन आपले. तेव्हां मला हा नियम फार उदार वाटे. आतां वाटतें, हिशोब आजीनेंहि आपल्याच बाजूला झुकविला होता. फक्त तो झुकविला आहे हें ती जाणून होती, आणि वर्षांतून एक दिवस तें मोठ्यानें बोलून दाखवीत होती. उद्यां सकाळीं दुधाचें पातेलें चुलीवर चढवितांना आपणांपैकीं कोणाला त्या चौथ्या सडाची आठवण झाली, तर माझे हे चार शब्द कारणीं लागले असें मी समजेन.